बुडाल्यावर सुधारणारे सरकारी काम

नकाशावर पट्टी ठेवून मोजले तरी धाराशिव जिल्ह्यातल्या लोहाऱ्यापासून समुद्र तीनशे किलोमीटरहून लांब आहे, आणि तोही पठारावरून पाचशे मीटरांपेक्षा जास्त खाली. तालुक्यात पाणी म्हणजे तेरणा, माकणीचे धरण, विहिरी, बोअर आणि चैत्र उजाडला की टँकर. टँकरचा आणि जहाजाचा संबंध लावायचाच तर एवढाच लागतो, की एकाच्या पोटात पाणी असावे लागते आणि दुसऱ्याच्या असून चालत नाही. अशा मुलखात बसून समुद्राच्या तळाशी गेलेल्या जहाजाबद्दल मत द्यावे का, असे कोणी विचारेल. पण मत देण्यासाठी विषय जवळचा असावा लागतो, असा नियम लोहाऱ्यात तरी नाही. तो असता तर गावोगावच्या पारांवर अमेरिकेची निवडणूक आणि भारतीय संघाची सलामीची जोडी हे दोन्ही विषय कधीच बंद पडले असते. तेव्हा मत देतो. मत असे, की उथळ समुद्रात नीट बुडवलेले जुने जहाज हे आपल्या राज्याच्या प्रशासकीय स्वभावाला सर्वांत मानवणारे सार्वजनिक बांधकाम आहे. रस्ता, समाजमंदिर, व्यायामशाळा, नाना-नानी पार्क ही सगळी उद्घाटनाच्या दिवशी देखणी असतात आणि दुसऱ्या दिवसापासून उतरणीला लागतात. बुडवलेले जहाज उद्घाटनाच्या दिवशीच दिसेनासे होते, आणि त्यानंतर तिकडे कोणी फिरकले नाही तर वर्षागणिक सुधारत जाते.

निमित्त आहे 'गुलदार'चे. ही नौदलाची नौका पोलंडमध्ये बांधली गेली आणि ३० डिसेंबर १९८५ रोजी तिथल्याच ग्डिनिया बंदरात आपल्या नौदलात दाखल झाली. 'चीता' आणि 'कुंभीर' या तिच्या दोन बहिणी. तिघींनाही १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला एकाच दिवशी निरोप देण्यात आला. तोपर्यंत तिघींचे मिळून समुद्रावरचे दिवस १२,३०० च्या वर गेले होते आणि कापलेले अंतर १७ लाख सागरी मैलांच्या घरात. पण खरा आकडा वेगळाच आहे. या जातीच्या नौकेचे काम म्हणजे रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे. त्यासाठी ती मुद्दाम वाळूत नाक खुपसते, नाकाचा दरवाजा उघडते, माल उतरवते आणि मागे सरकते. असे तिघींनी १,३०० हून अधिक वेळा केले. इतर कुठल्याही जहाजाचा कप्तान वाळूत रुतला तर त्याच्यामागे चौकशी लागते. इथे रुतला नाही तर लागली असती. जिने जवळजवळ चाळीस वर्षे हुकमाने रुतून दाखवले, तिला निवृत्तीनंतर हुकमाने बुडायला सांगणे हे सेवाज्येष्ठतेला धरूनच झाले. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाकडे 'गुलदार' सोपवण्यात आली ती यासाठीच. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याजवळच्या निवती रॉक्सपाशी तिला समुद्राच्या तळाशी बसवायचे, तिच्यावर कृत्रिम प्रवाळभित्ती वाढू द्यायची आणि पर्यटकांना स्कूबाची टाकी पाठीला बांधून, शिवाय पाणबुडीत बसवून ती दाखवायची, अशी ही योजना आहे. त्यासाठी केंद्राने सुमारे ४७ कोटी रुपये मंजूर केले.

४७ कोटी हा आकडा ऐकला की लोहाऱ्यातल्या माणसाच्या मनात जे येते ते लिहून दाखवायची गरज नाही. एवढ्या पैशांत किती रस्ते झाले असते, किती पाइपलाइन झाल्या असत्या, हा हिशेब आपल्याकडे शाळकरी पोरही तोंडी करते. जिथे पाणी नाही तिथले पैसे नेऊन जिथे पाणीच पाणी आहे तिथे बुडवायचे, हा न्याय कुठला? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला उत्तर देण्याआधी जिल्ह्याची एक जुनी फाइल काढावी लागेल. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, एक बांध घातला गेला. बांध घालणाऱ्यांनी त्याच्या पोटात पाणीमहाल काढला. पावसाळ्यात नदी भरली की पाणी बांधावरून नर आणि मादी या दोन धबधब्यांनी खाली कोसळते आणि महालात बसलेला माणूस कोरडाच राहून ते खिडकीतून पाहतो. त्या काळीही जिल्हा दुष्काळीच होता, आणि तरीही कोणाला तरी वाटले की पाणी अडवायचेच आहे तर ते आतून कसे दिसते हेही बघावे. म्हणजे पाण्याच्या पोटात बसून पाणी पाहण्याची हौस धाराशिव जिल्ह्याला चारशे वर्षांपूर्वीपासून आहे; कोकणाला ती आत्ता सुचली. तेव्हा हा विषय आपला नाही म्हणून अंग काढून घेणे आपल्याला शोभणारे नाही.

शिवाय बुडालेल्या गोष्टी पाहण्याची आपल्याकडची एक स्वतंत्र पद्धतही आहे. उजनी धरणात इंदापूर तालुक्यातले जुने पळसदेव बुडाले आणि त्याबरोबर पळसनाथाचे मंदिरही. ज्या वर्षी धरण तळाला जाते त्या वर्षी हे मंदिर वर येते, आणि मग वर्तमानपत्रांत छायाचित्रे, गाड्यांची रांग, भेळ, उसाचा रस, सगळे आपोआप जमते. कोकणात माणसाला पाण्याखाली न्यावे लागते. आपल्याकडे पाणीच निघून जाते. यात टाकी, चष्मा, प्रशिक्षक असला काही खर्च नाही हे खरे, पण प्रवेशशुल्क म्हणून एक दुष्काळ पडावा लागतो. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी, तो आपल्या पद्धतीच्या पर्यटनाचा सुवर्णकाळ होता. तो पुन्हा येऊ नये अशीच सर्वांची इच्छा असेल, तर बुडालेली वस्तू समुद्रात पाहणे जास्त परवडते.

आता खाली काय घडते ते पाहू, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. किनाऱ्यासमोरचा उथळ समुद्रतळ बऱ्याच ठिकाणी वाळूचा किंवा चिखलाचा असतो. सपाट, सरकता आणि लांबच लांब. समुद्रात कोट्यवधी जिवांची पिल्ले प्रवाहाबरोबर वाहत असतात. प्रवाळ, कालवे, स्पंज, शिंपले यांच्या बाळांना एकदा कुठेतरी घट्ट चिकटले की जन्माची चिंता मिटणार असते, पण चिकटायला जागाच मिळत नाही. वाळूवर चिकटणे म्हणजे वाऱ्यावर वरात. बहुतेक सगळी अशीच वाहत वाहत कोणाच्या तरी तोंडात जातात. अशा ठिकाणी ८० मीटरहून लांब, अनेक मजल्यांचे, खोल्याखोल्यांचे पोलादी जहाज येऊन बसते. पहिल्या काही तासांतच पोलादावर जिवाणूंचा चिकट थर चढतो. त्यावर सूक्ष्म शैवाल येते. मग येतो बार्नॅकल. याचे पिल्लू जागेवर आल्या आल्या चिकटत नाही. आधी पृष्ठभागावर हिंडून तो चाचपते, आपल्या जातीचे कोणी आसपास राहिलेले आहे का याचा रासायनिक सुगावा घेते, आणि भावकी आहे असे दिसले की स्वतः तयार केलेल्या सिमेंटने आपले डोके तिथे कायमचे चिकटवून टाकते. पुढचे सगळे आयुष्य तो डोक्यावर उभा राहून पायांनी पाणी ढवळतो आणि त्यात आलेला घास पायांनीच तोंडात घालतो. जागा निवडताना शेजार बघायचा, एकदा बसले की डोके वापरायचे नाही आणि हातपाय फक्त खाण्यापुरते हलवायचे, ही जीवनशैली समुद्राला काही नवी नाही. मंत्रालयाला तर नाहीच.

बार्नॅकलच्या मागून नळीत राहणारे किडे, कालवे, स्पंज, मऊ प्रवाळ अशी वस्ती वाढते. पोलाद दिसेनासे होते. जहाजामुळे प्रवाह अडतो, वळतो, तळाचे पोषण वर ढकलले जाते आणि खाणारे गोळा होतात. आधी लहान माशांचे थवे, कारण खिडक्या आणि जिने ही लपायची उत्तम ठिकाणे. त्यांच्या मागे त्यांना खाणारे. कोकणात ज्याला हेकरू म्हणतात तो जाडजूड, खालचा ओठ पुढे काढून बसणारा मासा अंधाऱ्या खोलीचे दार अडवून बसतो. तांबोशी घुटमळते. फटीतून शेवंडीच्या मिशा बाहेर येतात, वाम नुसते तोंड बाहेर ठेवून उघडमीट करते, पंख पसरलेला विषारी काट्यांचा सिंहमासा कोणालाही वाट न देता संथपणे फिरतो. हेकरूची एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्याच्या पुष्कळ जाती आयुष्याच्या सुरुवातीला मादी असतात आणि मोठ्या झाल्या की त्यांतल्या काही नर होतात. सरपंचपदाचे आरक्षण बदलले की आपल्याकडे उमेदवारी घरातल्या घरात फिरवतात. हेकरू त्याच्याही पुढे गेला, तो उमेदवारच बदलतो आणि अर्ज तोच राहतो.

हे सगळे कागदावरचे नाही याची साक्ष गोव्यात आहे. मुरगावच्या पुढे ग्रांडे बेटाजवळ 'सुझीज रेक' या नावाने ओळखले जाणारे एक जुने जहाज फार खोल नसलेल्या पाण्यात पडून आहे. त्याच्या लोखंडाचे आता सुटे सुटे भाग उरले आहेत, पण माशांच्या झुंडींमुळे गोव्यात पहिल्यांदा पाण्याखाली उतरणाऱ्या माणसाला बहुधा तिथेच नेतात. त्याच्या आसपासच्या समुद्रात राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी आणखी जुना माल शोधून काढला आहे. त्यात सेंट जॉर्ज रीफवरच्या जहाजातली मातीची कौले, विटा आणि स्तंभांचे मुकुट आहेत. त्यांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव आणि १८६५ हे साल उमटलेले आहे, आणि ते साल त्या कारखान्याच्या स्थापनेचे. पेढ्यांच्या दुकानावर असते तसे. कोणाच्या तरी घरावर चढायची कौले समुद्राच्या तळाशी उतरली आणि आज त्यांवर प्रवाळ राहतो. घरकुलाचा लाभार्थी बदलला, पण घरकूल वाया गेले नाही, हे सरकारी योजनांच्या इतिहासात दुर्मिळ आहे.

आता माझ्या मूळ विधानाकडे. देखभाल न करता सुधारणारे बांधकाम, असे मी म्हटले. समुद्राच्या पाण्यात पोलाद गंजते, पण वर्षाला साधारण मिलिमीटरचा दहावा हिस्सा एवढेच. म्हणजे जाड पत्र्याचे जहाज काही दशके आपला आकार धरून ठेवते, आणि तोवर त्यावर चढलेला जिवंत थर स्वतःच भिंत झालेला असतो. रंगकाम लागत नाही. खड्डे पडले तर त्यात शेवंड राहायला येते, म्हणजे खड्डा हीच सुविधा. छत गळत नाही, कारण गळायला कोरडी जागाच उरलेली नसते. लाइट नाही, म्हणून लाइट गेली अशी तक्रार नाही. चोरी होऊ शकते, पण चोराला आधी प्रमाणपत्र मिळवावे लागेल. आणि झाडाझुडपांनी वेढलेले, रंग उडालेले, आत कोणीही अनोळखी राहायला आलेले सार्वजनिक बांधकाम जमिनीवर असले तर आपण त्याला पडीक म्हणतो; समुद्रात त्यालाच यशस्वी म्हणतात. आपल्या राज्यातली कितीतरी बांधकामे केवळ चुकीच्या उंचीवर बांधल्यामुळे बदनाम झाली.

इथे चतुर वाचक म्हणेल, मग सगळेच बुडवा की. भंगार एसटी, जुने टायर, मोडके पूल. समुद्र मोठा आहे. ही कल्पना माझ्याआधी अमेरिकेला सुचली होती. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलसमोर १९७२ पासून सुमारे वीस लाख जुने टायर गाठोडी बांधून समुद्रात टाकले गेले. माशांना घर मिळेल आणि टायरची विल्हेवाट लागेल, एका दगडात दोन पक्षी. घर झाले नाही. गाठोड्यांचे बंध तुटले, वादळांत टायर तळावर गडगडू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळावर आपटू लागले. पुढे २००७ पासून लष्कराच्या पाणबुड्या सैनिकांना एकेक टायर वर काढायला लावावे लागले. समुद्रतळावर वस्ती व्हायची तर वस्तू जड हवी, जागची न हलणारी हवी आणि विष न सोडणारी हवी, हे त्या टायरांनी शिकवले. जहाज पहिल्या दोन अटींत पास होते. तिसरीसाठी आधी पोटातले तेल, इंधन, अस्बेस्टॉस, जुन्या केबलींमधली घातक रसायने आणि तळाच्या रंगातले विष काढावे लागते. पाण्याखाली उतरणारा माणूस आत अडकू नये म्हणून पत्र्यात ठिकठिकाणी बाहेर पडायच्या वाटा कापाव्या लागतात. म्हणून माझ्या विधानात एक दुरुस्ती करावी लागते, आणि ती सोयीची नाही. देखभाल लागत नाही हे खरे, पण बुडवल्यानंतर. आयुष्यभराची सगळी देखभाल बुडवण्याआधीच, एकरकमी आणि प्रामाणिकपणे करावी लागते. आपल्या पद्धतीत आधी उद्घाटन आणि मग उरलेली कामे. इथे उरलेली कामे करायला खाली हेकरू तयार नाही.

बुडवणे हे कामही वाटते तेवढे सोपे नाही. जहाज वर्षानुवर्षे न बुडण्याचा सराव करून आलेले असते. अमेरिकेच्या नौदलाचे 'स्पीगेल ग्रोव्ह' हे सुमारे १५५ मीटर लांबीचे जहाज १७ मे २००२ रोजी फ्लोरिडात की लार्गोजवळ समारंभाने बुडवायचे होते. ते ठरल्या वेळेच्या आधीच, स्वतःच्या मर्जीने आणि उलटे बुडाले. नाक पाण्याबाहेर आणि पाहुणे वाटेत. नंतर पैसे खर्चून ते पुरते बुडवले तर कुशीवर पडले. तीन वर्षे ते कुशीवर पडून राहिले आणि मग जुलै २००५ मध्ये आलेल्या 'डेनिस' चक्रीवादळाने ते फुकटात सरळ उभे केले. उलट बरोबर चार वर्षांनी, १७ मे २००६ रोजीच, पेन्साकोलाजवळ 'ओरिस्कनी' ही सबंध विमानवाहू नौका अवघ्या ३७ मिनिटांत शहाण्यासारखी सरळ खाली जाऊन बसली. फरक तयारीचा. आणि अर्धवट बुडालेल्या जहाजाचे काय होते ते पाहायला तर अमेरिकेला जायचीही गरज नाही. जून २००० मध्ये गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यावर 'रिव्हर प्रिन्सेस' हे खनिजवाहू जहाज वादळात येऊन रुतले आणि दहा वर्षांहून अधिक काळ तिथेच राहिले. कोर्ट, निविदा, कंत्राटदार, मुदतवाढ, सगळे झाले. जहाज ना तरंगत होते ना बुडत होते. माशांना घर नाही, पर्यटकांना दर्शन नको, आणि वाळू मात्र वाहून चालली. बुडणाऱ्याने पुरते बुडावे. पुरते बुडालेले जहाज प्रवाळभित्ती होते आणि अर्धे बुडालेले प्रलंबित प्रकरण.

यापेक्षा खोल आक्षेप शास्त्रज्ञांचा आहे, आणि तो समजायला लोहाऱ्याचा माणूस सर्वांत लायक. वैशाखात उघड्या माळावर एकच लिंबाचे झाड असते. त्याखाली वीस शेळ्या, मेंढपाळ, एसटीची वाट पाहणारे चार जण आणि कोणाचा तरी कुत्रा असे सगळे जमलेले असतात. झाडाखाली वीस शेळ्या दिसल्या म्हणून त्या झाडाने वीस शेळ्या वाढवल्या, असे म्हणता येत नाही. त्या होत्याच, सावलीला आल्या. कृत्रिम प्रवाळभित्तीबद्दल समुद्रशास्त्रात कित्येक वर्षे हाच वाद चालू आहे. जहाजामुळे मासे नव्याने वाढतात, की आसपासचे मासे नुसते तिथे गोळा होतात? गोळाच होत असतील तर त्यात धोकाही आहे, कारण एकत्र बसलेल्या शेळ्या लांडग्याला सोयीच्या. विखुरलेले मासे एका जागी जमले की पकडणाऱ्याचे काम सोपे, आणि आपण संवर्धनाच्या नावाखाली माशांची बाजारपेठ भरवली असे व्हायचे. उत्तर दोन्हींच्या मधले आहे. चिकटून राहणाऱ्या जिवांच्या बाबतीत वाढ खरीच, कारण बार्नॅकल आणि कालव वाळूवर जगलेच नसते. फिरत्या माशांच्या बाबतीत काही नुसतेच येतात, पण खडकाची फट हवी असलेल्या पिल्लांना ती मिळाली तर ती जगतात. झाड शेळ्या वाढवत नाही, पण उन्हाने मरणारे करडू वाचवते. एवढे मात्र कबूल करावे लागते, की झाडाचा उपयोग तिथे लांडगा आला नाही तरच. म्हणून त्या जहाजाभोवती मासेमारीला बंदी असणे हा योजनेचा गाभा समजावा. ट्रॉलरची जाळी फाटेल या भीतीने काही बोटी तशाही दूर राहतील. नियमाने न होणारे काम पोलादाने होते. फक्त फाटून अडकलेली जाळी तिथेच माशांना मारत राहतात, ती अधूनमधून काढावी लागतील. देखभालशून्य म्हणण्यात ही दुसरी दुरुस्ती.

बुडालेल्या जहाजाची हौस कशाला करायची, तिथे माणसे गेलेली असतात, हाही आक्षेप आहे, आणि इथे विनोद थांबवला पाहिजे. १७ जुलै १९४७ रोजी, गटारी अमावास्येला, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबईजवळच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकणातल्या घराघरांत ती तारीख अजून लक्षात आहे. असे जहाज ही समाधी आहे. तिथे तिकीट लावू नये, तिथून काही उचलून आणू नये. रिकामे करून, धुऊन, माणसे उतरवून बुडवलेल्या जहाजाचे सुख यातच आहे, की त्याच्याशी कोणाचे दुःख जोडलेले नाही. मेलेल्यांना शांतता मिळावी म्हणून तरी हौशी लोकांसाठी निराळे जहाज असावे.

राहता राहिला पाहणाऱ्याचा प्रश्न: ४७ कोटींत दिसणार काय? जाहिरातीत निळेशार पाणी आणि रंगीबेरंगी मासे असतात. कोकणचा समुद्र तरंगत्या सूक्ष्म जिवांनी भरलेला, म्हणूनच तो मासळीने श्रीमंत आणि म्हणूनच गढूळ. चांगल्या दिवशीही फार लांबचे दिसत नाही. रंगांचे म्हणाल तर तांबडा रंग पहिल्या काही मीटरांतच पाणी शोषून घेते, मग नारिंगी, मग पिवळा. खाली जाऊन पाहिलेली तांबोशी राखाडी असते. तिचा तांबूस रंग खरा पाहायचा तर विजेरी न्यावी किंवा वेंगुर्ल्याच्या बाजारात जावे. शिवाय चष्म्यातून पाहताना पाण्यात प्रत्येक वस्तू खरी असते त्यापेक्षा साधारण तिसऱ्या हिश्शाने मोठी दिसते, त्यामुळे परत येऊन सांगितलेल्या माशाच्या लांबीबद्दल कोणाला खोटारडे म्हणू नये. या सगळ्यांत वादातीत सुख एकच: खाली कोणालाही बोलता येत नाही. तोंडात नळी असते. मोबाइलला रेंज नसते. महाराष्ट्रातले हे एकमेव पर्यटनस्थळ असेल जिथे मार्गदर्शक इतिहास सांगू शकत नाही आणि पर्यटक दगडावर नाव कोरायला खाली वाकू शकत नाही. अर्थात कोरणाऱ्याला वाट सापडतेच. तांबड्या समुद्रात १९४१ मध्ये बुडालेले 'थिसलगॉर्म' हे मालवाहू जहाज आजही पोटात लष्करी ट्रक, मोटारसायकली आणि रबरी बुटांचे ढीग घेऊन पडले आहे. बॉम्बने जे मोडले नाही ते रोज येणाऱ्या पर्यटक बोटींनी जहाजालाच दोर बांधून बांधून मोडत आणले. म्हणून बोटी बांधायला वेगळे बोये हवेत, ही तिसरी दुरुस्ती. तीन दुरुस्त्यांनंतरही मूळ विधान उभे आहे, आणि ते जिल्हा परिषदेच्या कुठल्याही इमारतीपेक्षा भक्कम उभे आहे, असे मला वाटते.

पैशांच्या आक्षेपाला उत्तर द्यायचे राहिले. केंद्राचा पैसा म्हणजे त्यात लोहाऱ्याच्या दुकानदाराचा जीएसटीही आला, तेव्हा ते जहाज वेंगुर्ल्याचे आहे तितकेच आपले आहे. आणि ज्यात आपला वाटा आहे ते जाऊन पाहणे हा अधिकारच समजावा. पोहता येत नाही ही अडचण मानू नका. मालवण-तारकर्लीकडे पोहता न येणाऱ्यांनाही प्रशिक्षक हाताला धरून थोडे खाली नेतात. पावसाळ्यात जाऊ नका, तेव्हा हे सगळे बंद असते. दमा, हृदयविकार किंवा कानाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, प्रशिक्षकाला नव्हे. आणि एक गोष्ट खास पठारावरून जाणाऱ्यांसाठी. पाण्याखाली दाबाने हवा घेतल्यावर शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो आणि तो सावकाश बाहेर पडावा लागतो. म्हणून खाली उतरल्यानंतर निदान बारा तास, आणि एकाहून अधिक वेळा उतरला असाल तर अठरा तास, विमानात बसू नये असा दंडक आहे. हीच काळजी तीनशे मीटरांहून वर चढतानाही घ्यायची असते. मुंबईकर किनाऱ्याकिनाऱ्याने घरी जाऊ शकतो. लोहाऱ्याच्या माणसाला आंबोलीचा सातशे मीटरांच्या आसपासचा घाट चढावाच लागतो आणि पुढे घरापर्यंत तो पठारावरच असतो. तेव्हा ज्या दिवशी खाली उतराल त्या दिवशी परतीचे तिकीट काढू नका. तो मुक्काम किनाऱ्यावरच करा.